गर्द, मॉर्फिन, ट्रॅमाडॉल आणि मेंदूतले रिसेप्टर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओपिऑइड म्हणजे नेमके कोणते पदार्थ?

अफूच्या बोंडातून मिळणारं मॉर्फिन आणि कोडीन, मॉर्फिनवर प्रक्रिया करून केलेलं हेरॉइन, आणि प्रयोगशाळेत घडवलेली ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, फेंटानिल, मेथाडोन, बुप्रेनॉर्फिन ही औषधं. मुंबईत ज्याला गर्द किंवा ब्राउन शुगर म्हणतात ते भेसळीचं, अर्धवट शुद्ध केलेलं हेरॉइनच. केंद्र सरकारच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातले सुमारे २.१ टक्के लोक ओपिऑइड घेणारे निघाले, म्हणजे सव्वादोन कोटी. त्यात हेरॉइन सर्वांत वर, त्याखालोखाल औषधी गोळ्या-सिरप आणि मग अफू.

गांजा, चरस, एमडी (मेफेड्रोन) यांत मोडत नाहीत, त्यांचे रिसेप्टर (पेशीवरच्या ज्या जागी रसायन येऊन बसतं त्या) निराळे. मालेगावकडची ‘कुत्ता गोळी’ बहुधा अल्प्राझोलाम असते. तीही ओपिऑइड नाही, पण गर्दच्या जोडीला घेतली तर श्वास बंद पाडायला पुरेशी मदत करते.

मेंदूत अफूसाठी रिसेप्टर मुळात आहेतच कशाला?

अफूसाठी नाहीतच. १९७३ साली बाल्टिमोर, न्यूयॉर्क आणि स्वीडनमधलं उप्साला इथल्या तीन प्रयोगशाळांनी ओपिऑइड रिसेप्टर दाखवून दिले, तेव्हाच हा प्रश्न उभा राहिला. १९७५ मध्ये स्कॉटलंडच्या ॲबर्डीन शहरात ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांनी उत्तर शोधलं : मेंदू स्वतःच एन्केफॅलिन नावाची छोटी रेणूसाखळी तयार करतो. पुढे एंडॉर्फिन आणि डायनॉर्फिन सापडली. वेदना आवरणं, ताण उतरवणं, आई आणि बाळाची ओढ, खाण्यातला आनंद अशा कामांत ही यंत्रणा रोज वापरात असते.

रिसेप्टर मुख्यतः तीन जातींचे : म्यू, डेल्टा, कप्पा. व्यसनाच्या दृष्टीने म्यू महत्त्वाचा. १९९६ मध्ये म्यू रिसेप्टरचं जनुकच काढून टाकलेले उंदीर तयार केले गेले. त्यांच्यावर मॉर्फिनने वेदना थांबेना, त्यांना मॉर्फिनची गोडी लागेना, आणि मॉर्फिन तोडल्यावर त्रासही होईना.

मॉर्फिन रिसेप्टरला चिकटलं की पेशीत काय घडतं?

म्यू रिसेप्टर पेशीच्या आवरणातून सात वेळा आतबाहेर जाणारं प्रथिन आहे. बाहेरून मॉर्फिन बसलं की आतल्या बाजूला जी-प्रोटीन हे निरोप पुढे नेणारं प्रथिन सुटतं आणि तीन गोष्टी होतात. पोटॅशियमची दारं उघडतात, कॅल्शियमची बंद होतात, आणि अडेनिलिल सायक्लेज हे विकर मंदावल्याने पेशीतला सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू कमी होतो. एकूण परिणाम : पेशी शांत होते, पुढच्या पेशीला कमी रसायन सोडते.

एन्केफॅलिनही हेच करतं, पण विकरं त्याचे लगेच तुकडे करतात. मॉर्फिन तासन् तास तिथे राहतं. पुढचा सगळा घोळ या वेळेच्या फरकातून सुरू होतो.

पेशी शांत होते, तर मग झिंग कशी येते?

मधल्या मेंदूत व्हीटीए नावाचा भाग आहे. तिथल्या डोपामिन (सुखाचा निरोप देणारं रसायन) सोडणाऱ्या पेशींना गाबा (शांत करणारं रसायन) सोडणाऱ्या पेशी लगाम घालून ठेवतात आणि म्यू रिसेप्टर त्या गाबा पेशींवर असतात. ओपिऑइडने त्या गप्प झाल्या की डोपामिन पेशी मोकाट सुटतात. हेरॉइन मॉर्फिनपेक्षा चरबीत सहज विरघळतं, त्यामुळे झपाट्याने मेंदूत शिरतं आणि तिथे त्याचं मॉर्फिन होतं. पन्नीवर ओढलेल्या गर्दची तलफ गोळीपेक्षा लवकर पकड घेते, त्यात या वेगाचा मोठा हात आहे.

रोज घेतल्याने रिसेप्टर जळून जातात, कमी होतात, असं म्हणतात. खरं आहे का?

जळत तर नाहीतच. आणि ‘कमी होतात’ हे उत्तर आंतरजालावर सगळीकडे दिसत असलं तरी ते अपुरं आहे. हेरॉइन घेणाऱ्यांच्या मेंदूंची मृत्यूनंतर तपासणी केलेल्या अभ्यासांत म्यू रिसेप्टरची मोठी आणि सगळीकडे सारखी घट दिसत नाही. बदलते ती मुख्यतः रिसेप्टरच्या आतल्या जोडणीची ताकद आणि त्यामागची यंत्रणा.

क्रम असा. औषध बसल्यावर काही सेकंदांत ते मिनिटांत जीआरके नावाची विकरं रिसेप्टरच्या आतल्या शेपटीला फॉस्फेट जोडतात. त्या फॉस्फेटवर अरेस्टिन हे प्रथिन येऊन बसतं आणि जी-प्रोटीनची वाट अडवतं. रिसेप्टर जागेवर आहे, औषधही बसलेलं आहे, पण निरोप आत पोचत नाही. याला असंवेदन म्हणू. नंतर आवरणाचा तेवढा भाग आत खेचला जातो. आत फॉस्फेट काढून रिसेप्टर पुन्हा पृष्ठभागावर येतो, किंवा मोडीत निघतो.

गंमत अशी की एन्केफॅलिन रिसेप्टरला जोरात आत खेचवतं, तर मॉर्फिन फारच कमी. म्हणजे शरीराच्या स्वतःच्या रसायनाने रिसेप्टर आत जातो, धुऊनपुसून परत येतो. मॉर्फिनने तो बाहेरच अर्धवट बधिर होऊन निरोप देत राहतो. पेशीला जुळवून घ्यायला मग आतूनच बदलावं लागतं.

मग डोस वाढवावा लागतो तो कशामुळे?

पेशीत कामाला लागतात त्यापेक्षा जास्त रिसेप्टर असतात, म्हणजे शिल्लक साठा असतो. सवय लागते (म्हणजे तोच डोस कमी पडू लागतो) तसा, रिसेप्टर जागेवर असले तरी कामाचे कमी उरल्याने, हा साठा आटत जातो. पूर्वी थोडे रिसेप्टर भरले तरी पूर्ण परिणाम मिळायचा, आता बरेच भरावे लागतात. फेंटानिलसारख्या पूर्ण ताकदीच्या औषधाला थोडेच रिसेप्टर पुरतात, म्हणून मॉर्फिनला सरावलेल्या माणसावरही ते चालतं.

इथे एक जुना पण मोलाचा प्रयोग सांगायला हवा. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बीटा-अरेस्टिन-२ नसलेल्या उंदरांना रोज मॉर्फिन दिलं. त्यांना वेदनाशमनाची सवय लागली नाही, डोस तेवढाच पुरत राहिला. पण नॅलॉक्सोन (रिसेप्टरवरून ओपिऑइड हटवणारं औषध) दिल्यावर विड्रॉवल, म्हणजे औषध तुटल्यावरचा त्रास, बोलीत टर्की, मात्र नेहमीसारखाच आला. सवय आणि शारीरिक अवलंबन या दोन वेगळ्या वाटा आहेत, हे यातून स्पष्ट होतं. दोन्ही एकच समजणारे सल्ले त्यामुळेच फसतात.

टर्की का लागते?

मेंदूच्या देठात लोकस सेरुलियस नावाचा पेशींचा छोटा पुंजका आहे. नॉरअॅड्रेनालिनचा मेंदूतला मोठा पुरवठा तिथून होतो; हे रसायन शरीराला खडबडून जागं ठेवतं. त्या पेशींवर म्यू रिसेप्टर भरपूर. ओपिऑइड रोज येऊन सायक्लिक एएमपी खाली दाबत राहिलं की पेशी ते वर उचलायला यंत्रणा वाढवते : अडेनिलिल सायक्लेजचे काही प्रकार वाढतात, त्यापुढचं प्रोटीन कायनेज ए वाढतं, क्रेब हे प्रथिन त्यासाठी जनुकांना चालना देतं. औषध अंगात असेपर्यंत सगळं समतोल दिसतं. नळाला दाब कमी म्हणून घरोघर मोटर बसवावी आणि एके दिवशी पालिकेने पूर्ण दाबाने पाणी सोडावं, तसं औषध थांबताच होतं. दाबणारं कोणी नाही आणि वाढवलेली यंत्रणा पूर्ण जोरात.

नॉरअॅड्रेनालिनचा लोंढा सुटतो. बाहुल्या मोठ्या होतात, अंगावर काटा येतो, घाम, थरथर, धडधड. आतड्यात स्वतःचे म्यू रिसेप्टर आहेत. तिथला दाब सुटला की पोटात मुरडा येऊन जुलाब लागतात. नाकाडोळ्यांतून पाणी, एकामागून एक जांभया, हाडं दुखणं, झोप नाही. हे नाटक नाही आणि इच्छाशक्तीचा प्रश्नही नाही.

टर्कीत क्लोनिडिनची गोळी का देतात? ती तर बीपीची आहे.

त्याच लोकस सेरुलियसच्या पेशींवर अल्फा-२ नावाचा दुसरा रिसेप्टर असतो आणि तो तीच पोटॅशियमची दारं उघडतो. म्हणजे म्यू रिसेप्टरला हात न लावता पेशी शांत करता येते. साधारण ०.१ मिलिग्रॅम दिवसातून तीन-चार वेळा देतात, प्रत्येक डोसआधी बीपी बघून. वरचं बीपी ९० च्या खाली असेल किंवा उभं राहताच चक्कर येत असेल तर तो डोस टाळतात. घाम, धडधड, काटा यांवर गुण येतो. तलफ, झोप आणि अंगदुखीवर फारसा नाही, हे पेशंटला आधीच सांगितलं तर तो तिसऱ्या दिवशी पळून जात नाही.

किती दिवस चालते?

गर्दची टर्की शेवटच्या डोसनंतर ८ ते १२ तासांत सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचते आणि आठवडाभरात बरीच ओसरते. मेथाडोनची एक-दोन दिवस उशिरा लागते आणि दोन-तीन आठवडे रेंगाळते.

सगळ्याच परिणामांची सवय सारखी लागते का?

नाही, आणि हे न कळणं जिवावर बेतू शकतं. आनंदाची सवय लवकर लागते, श्वास मंदावण्याची त्यामानाने उशिरा आणि अपुरी. श्वासाची लय देणाऱ्या मेंदूच्या देठातल्या पेशींवरही म्यू रिसेप्टर असतात. माणूस जुनी मजा मिळवायला डोस वाढवत नेतो, पण श्वासाचं केंद्र तेवढ्याच वेगाने सरावत नाही. बद्धकोष्ठता आणि टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या यांची सवय तर जवळजवळ लागतच नाही. घरच्यांना शंका तपासायची असेल तर अंधुक उजेडातही बारीकच राहणाऱ्या बाहुल्या बघाव्यात.

महिनाभर बंद होतं, एकदाच घेतलं आणि माणूस गेला. असं का होतं?

कारण मेंदूतले बदल एकाच वेगाने मागे फिरत नाहीत. असंवेदन आणि आटलेला साठा काही दिवसांत-आठवड्यांत भरून येतो, म्हणजे सवय उतरते. तलफ आणि जागा-माणसं-वस्तूंशी बांधलेल्या आठवणी मात्र महिनोन् महिने तशाच. हात जुनाच डोस मोजतो, श्वासाचं केंद्र आता नव्या माणसाचं झालेलं असतं. तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले दोन आठवडे म्हणूनच सर्वांत घातक. व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा लांबच्या आजारपणातून घरी आलेल्यालाही हेच लागू.

दुसरं कारण कमी लोकांना माहीत आहे. १९८२ मध्ये शेपर्ड सीगल यांनी हेरॉइनला सरावलेल्या उंदरांना मोठा डोस दिला. नेहमीच्या खोलीत दिला त्यांतले ३२ टक्के मेले, परक्या खोलीत दिला त्यांतले ६४ टक्के; अजिबात सवय नसलेले ९६ टक्के. डोस तोच, मेंदू तोच. सवयीचा एक भाग ओळखीच्या खुणांना बांधलेला असतो : ती खोली, ती पन्नी, तो मित्र. शरीर त्या खुणा दिसताच औषधाच्या परिणामाविरुद्ध आधीच तयारी करतं. परक्या ठिकाणी ती तयारी होत नाही.

यातून निघणारी गोष्ट केंद्रातून सोडताना पेशंटला आणि घरच्यांना तोंडावर सांगायला हवी : पाय घसरला तर जुना डोस हा आता मरणाचा डोस आहे, एकट्याने घेतला तर वाचवायला कोणी नाही, आणि सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या असतील तर धोका कैक पटींनी वाढतो. ‘हे सांगितलं तर घ्यायला उत्तेजन मिळेल’ ही भीती आम्हाला पटत नाही.

बुप्रेनॉर्फिन म्हणजे एका नशेच्या जागी दुसरी नाही का?

रिसेप्टरच्या पातळीवर बघितलं तर नाही. व्यसनावरच्या उपचारात दिलं जाणारं बुप्रेनॉर्फिन म्यू रिसेप्टरला घट्ट चिकटतं, सावकाश सुटतं आणि त्याला अर्धवटच चालू करतं. गर्दमध्ये दिवसातून तीन-चार वेळा चढ आणि तीन-चार वेळा उतार असतो. पेशी सतत दोन टोकांत हेलकावते. बुप्रेनॉर्फिनने रिसेप्टरवरचा भार दिवसभर सपाट राहतो. अंगात ते असताना गर्द ओढलं तर हेरॉइनला बसायला जागाच कमी असते. ठरावीक मर्यादेनंतर डोस वाढवला तरी श्वासावरचा दाब फारसा वाढत नाही. पण सोबत दारू किंवा अल्प्राझोलाम असेल तर ही मर्यादा राखली जात नाही.

डोसचं गणित मात्र नीट समजून घ्यावं. हेरॉइन घेणाऱ्या पेशंटांच्या मेंदूचं पेट स्कॅन करून २००३ मध्ये मोजलं गेलं : २ मिलिग्रॅमने मोकळे म्यू रिसेप्टर सुमारे ४१ टक्क्यांनी कमी झाले, १६ मिलिग्रॅमने ८० टक्क्यांनी, ३२ मिलिग्रॅमने ८४ टक्क्यांनी. टर्की थांबायला साधारण निम्मे रिसेप्टर भरावे लागतात. वरून घेतलेल्या हेरॉइनची मजा मारायला ८० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे कमी डोसवर टर्की थांबते, पण गर्द अजून ‘लागतं’. ‘गोळी चालू आहे तरी बाहेर घेतोच’ ही घरच्यांची तक्रार बऱ्याचदा निष्ठेची नसून मिलिग्रॅमची असते. तेव्हा पेशंटला दम देण्याआधी डॉक्टरांना डोसबद्दल विचारावं. आणि १६ वरून ३२ वर गेल्याने फार थोडी भर पडते, हेही त्याच आकड्यांतून दिसतं.

पहिली गोळी घेतली आणि त्रास उलट वाढला. असं का?

गोळी लवकर घेतली. रिसेप्टरवर अजून हेरॉइन-मॉर्फिन बसलेलं असताना बुप्रेनॉर्फिन आलं की ते त्यांना हाकलून स्वतः बसतं, पण निरोप अर्ध्याच ताकदीचा देतं. पेशीच्या दृष्टीने हा अचानक तुटवडा; टर्की मिनिटांत उसळते.

टाळायचं कसं? गर्द घेतल्यापासून किमान १२ तास जाऊ द्यावेत, मेथाडोनवरून येणाऱ्याला ३६ ते ७२ तास. घड्याळापेक्षा खुणांवर भरवसा ठेवावा : बाहुल्या मोठ्या, काटा, जांभया, नाक गळणं दिसू लागलं की मग २ ते ४ मिलिग्रॅम, तासा-दोन तासांनी बघून पुढचा. गोळी जिभेखाली पूर्ण विरघळेपर्यंत ठेवायची, ५ ते १० मिनिटं, बोलायचं नाही, चहा नाही. गिळली तर यकृतातच बहुतेक वाया जाते. विरघळल्यावर चूळ भरावी, ब्रश तासाभराने.

बुप्रेनॉर्फिनच्या गोळीत मिसळलेल्या नॅलॉक्सोनने हा त्रास होतो अशी समजूत आहे. जिभेखाली नॅलॉक्सोन नगण्य शोषलं जातं. ते तिथे आहे ते गोळी विरघळवून टोचणाऱ्याला अडवायला. त्रास देतं ते बुप्रेनॉर्फिनच.

नाल्ट्रेक्झोनचं काय?

ते रिसेप्टर चालू न करता अडवून बसतं. रोज ५० मिलिग्रॅम. सुरू करण्याआधी ७ ते १० दिवस अंगात ओपिऑइड नको, नाहीतर भीषण टर्की. प्राण्यांत दीर्घकाळ अडवून ठेवल्यावर म्यू रिसेप्टरची संख्या आणि संवेदनशीलता वाढलेली दिसते. सवय तर उतरलेलीच असते. म्हणून गोळी सोडून परत गर्दकडे गेलेला माणूस दुहेरी धोक्यात असतो. गोळी समोर उभं राहून रोज देणारं कोणी घरात असेल तरच याचा उपयोग.

कॅन्सरच्या दुखण्यासाठी आईला मॉर्फिन सुरू केलंय. तिला व्यसन लागेल का?

शारीरिक अवलंबन येईल. काही आठवडे घेणाऱ्या बहुतेकांना येतं. व्यसन म्हणजे नुकसान दिसत असूनही तलफेपोटी घेत राहणं, आणि ते वेगळं. मॉर्फिन बंद करायची वेळ आली तर एकदम थांबवू नये. वर्षाहून जास्त घेतलं असेल तर महिन्याला सुमारे १० टक्के किंवा त्याहून सावकाश, काही आठवडेच घेतलं असेल तर लवकर उतरवता येतं. दुसऱ्या ओपिऑइडवर बदलताना हिशेबाने येणारा डोस २५ ते ५० टक्क्यांनी कमी धरतात, कारण एकाची सवय दुसऱ्याला पुरी लागू होत नाही.

डोस वाढवला की दुखणं पसरतंय, साधा स्पर्शही बोचतोय, असं दिसलं तर ओपिऑइडनेच वेदनायंत्रणा तीव्र केली असण्याची शक्यता असते. तेव्हा डोस वाढवणं उलटं पडतं. डॉक्टरांना ‘दुखतंय’ एवढंच न सांगता कुठे आणि कसं दुखतंय ते सांगावं.

ट्रॅमाडॉल तर साधी पेनकिलर आहे ना?

एप्रिल २०१८ पासून ती एनडीपीएस या अंमली पदार्थविरोधी कायद्याखाली आहे. मूळ रेणू म्यू रिसेप्टरला जेमतेम चिकटतो. यकृतातलं सीवायपी२डी६ हे विकर त्याचं जे रूप बनवतं ते जोरकस असतं. हे विकर कोणात जास्त तर कोणात कमी चालतं, म्हणून एकच गोळी एकाला चढते, दुसऱ्याला लागत नाही. शिवाय ती सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनालिनही वाढवते. दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या वर फिट येण्याचा धोका वाढतो, आणि नॅलॉक्सोनने फिट थांबत नाही. बंद केल्यावर नेहमीच्या टर्कीत घबराट, अंगात विजेचे झटके, क्वचित भासही मिसळतात.

मेंदू पुन्हा पूर्वीसारखा होतो का? रिसेप्टरची काही टेस्ट आहे का?

रक्त-लघवीची अशी टेस्ट नाही. पेट स्कॅनने मोजता येतं, पण ते संशोधनापुरतं. म्यू रिसेप्टरचं काम बरंचसं लवकर सावरतं. त्यानंतर जे उरतं ते जास्त चिवट : डोपामिनच्या डी-२ रिसेप्टरची कमतरता, आणि वाढलेलं डायनॉर्फिन जे कप्पा रिसेप्टरवर बसून मन उदास, बेचव करतं. ‘बंद करून तीन महिने झाले तरी कशातच राम वाटत नाही’ यामागे बहुधा हे असतं. झोप आणि मूड सुधारायला काही महिने लागतात. उपचार साताठ दिवसांच्या टर्कीपुरते ठेवणं म्हणूनच निरुपयोगी. बुप्रेनॉर्फिन साधारण वर्षभर तरी, गरज असेल तर त्याहून कितीही.

गरोदरपणात समजलं तर लगेच बंद करावं का?

नाही. अचानक टर्कीने गर्भाला धोका असतो. बुप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोनवर स्थिर ठेवतात; बाळाला जन्मानंतर काही दिवस विड्रॉवल येऊ शकतो आणि त्यावर उपचार आहेत. प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांपासून हे लपवू नये.

ओव्हरडोस झाला तर काय करायचं?

हाक मारून, छातीच्या हाडावर मुठीने घासून जाग येत नाही, श्वास मिनिटाला आठ-दहाच्या खाली किंवा घोरल्यासारखा, ओठ निळसर, बाहुल्या टाचणीएवढ्या : १०८ ला फोन करा. हनुवटी वर उचलून, नाक दाबून दर ५ सेकंदांना एक श्वास तोंडाने द्या. मीठ-पाणी पाजणं, थंड पाण्याखाली धरणं, दूध पाजणं यांत जीव जातो.

नॅलॉक्सोनच्या ॲम्प्यूलमध्ये ०.४ मिलिग्रॅम असतं. इंजेक्शन देता येणाऱ्याने स्नायूत द्यावं, २-३ मिनिटांत श्वास सुधारला नाही तर पुन्हा. शुद्धीवर आलेला माणूस चिडेल, टर्कीत असेल, घरी जायचा हट्ट धरेल. त्याला सोडू नका. नॅलॉक्सोन ३० ते ९० मिनिटांत उतरतं. मेथाडोन किंवा मोठ्या डोसचं हेरॉइन त्यानंतरही अंगात असतं आणि मोकळ्या झालेल्या रिसेप्टरवर परत जाऊन बसतं. किमान दोन तास, मेथाडोन असेल तर पूर्ण दिवस हॉस्पिटलमध्ये नजरेखाली ठेवावं लागतं. नंतर उपचार कुठे सुरू करायचे यासाठी व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे.